केक कुणाचा करपला?

रूथबाई, तुमचं नाव लिहिलेला केकचा डबा आत्ता भट्टीत आहे. मी बेकरीबाहेरच्या बाकावर वही घेऊन बसलोय. डबा बाहेर येईपर्यंत इथून हलायचं नाही, कुणाला गोष्ट सांगायची नाही, कुणाची नक्कल करायची नाही, असं ठरवून आलोय. शेजारच्या बाईंनी मघाशी विचारलं, "तुमचा कितवा नंबर?" मी नुसती चार बोटं दाखवली. मी! नुसती बोटं! तुम्ही असतात तर माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला असतात.

तुम्हाला जाऊन सव्वा महिना झाला. काल आपली नाताळची कॅरल पार्टी निघाली. ती कशी निघाली ते सांगायचंय, आणि त्याआधी एक जुनी गोष्ट कबूल करायची आहे. क्रमानेच सांगतो. "कंदीलवाले, शेवटापासून सुरू करू नका, ऐकणाऱ्याला धाप लागते," असं तुम्ही म्हणायचात.

कसबा पेठ सोडून मी विश्रांतवाडीला राहायला निघालो, तेव्हा घरच्यांनी बोटीने निघाल्यासारखा निरोप दिला होता. "आळंदी रस्त्यालाच जायचं तर थेट आळंदीला जाऊन राहा, मध्येच काय?" असं काका म्हणाले. पेठेत आमच्या घरी मला सगळ्यात जास्त ऐकू आलेला शब्द म्हणजे "हळू". हळू बोल, हळू हस, शेजारी ऐकतात. शाळेत तेच, ऑफिसात तेच. विश्रांतवाडीच्या कॉलनीत आल्यावर लग्नाच्या बायकोने, मंजिरीनेही पहिल्या आठवड्यात तेच सांगितलं. मग पहिला डिसेंबर आला. आम्ही दोघं जेवायला बसलो होतो आणि रस्त्यावरून वीस-पंचवीस माणसं मराठीत स्वेटरविषयी गात येत होती. हो, स्वेटरविषयी! मी ताटावरून उठलो आणि उष्ट्या हाताने बाहेर पळालो.

तुम्ही सगळ्यांच्या पुढे होतात. हातात खंजिरी, डोक्याला माकडटोपी. माझ्याकडे बघितलं नाहीत, माझ्या गॅलरीकडे बघितलंत.

"तो आकाशकंदील दिवाळीचा ना?"

"हो."

"अजून उतरवला नाहीत?"

"आळस."

"बरं झालं. चांदणीच्या आकाराचा आहे. काठीला बांधा आणि चला पुढे. आमचा दिवा गेलाय."

नाव विचारलं नाहीत, जात विचारली नाहीत, गाता येतं का तेही विचारलं नाहीत. त्या दिवसापासून मी कंदीलवाले झालो. माझं खरं नाव तुम्हाला ठाऊक होतं की नाही, मला अजून शंका आहे. आणि तिसऱ्या वर्षी, गल्लीच्या मधोमध मला थांबवून तुम्ही म्हणालात, "तुमचा आवाज सुरात नाही. पण पोचतो. जरा जोरात म्हणा." जोरात! आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी जोरात म्हणायला सांगितलं होतं. तुमच्यासमोर मी त्यावर विनोद केला आणि घरी जाऊन मंजिरीला तीनदा सांगितलं.

आपल्या पार्टीचा नियम बाहेरच्यांना चमत्कारिक वाटायचा. दारात उभं राहून म्हणायची ती जन्माची गीतं. ती चर्चमधली मंडळी चार सुरांत म्हणायची आणि आम्ही बाकीचे गप्प उभे राहायचो. प्रार्थना झाली, कॉफी झाली, आपण पाठ फिरवली आणि फाटकाची कडी वाजली, की चालायची गाणी सुरू. त्यांत देव नाही, देवदूत नाहीत, गोठा नाही. माकडटोपीचं एक, आल्याच्या चहाचं एक, हरवलेल्या एका हातमोज्याचं एक. ती सगळी तुमची. "अर्धी कॉलनी तुमच्यासारखी," तुम्ही एकदा सांगितलं होतंत. "तुम्हाला आमची गीतं पाठ नाहीत, आणि पाठ केलीत तरी तोंडातल्या तोंडात म्हणता. थंडी तर सगळ्यांनाच वाजते ना? मग थंडीचं म्हणू."

आणि सगळ्यांत लाडकं ते:

*स्वेटर निघाले पेटीतून, हो पेटीतून,*
*डांबरगोळ्यांचा वास लेऊन, हो वास लेऊन,*
*नाक लाल अन् कान गार,*
*अजून घरं राहिली चार!*

घरं अकरा राहिलेली असोत नाहीतर एक, गाण्यात नेहमी चारच. आणि मग माझी जागा. मी एकट्याने ओरडायचं, "केक कुणाचा करपला?" ज्या घरून आपण निघालो त्यांचं नाव सगळ्यांनी घ्यायचं, "थोरातांचा!" घरातल्यांनी खिडकीतून उलट ओरडायचं, "खोटं!" आणि आपण चालता चालता म्हणायचं, "मग उद्या आम्हाला खायला घाला!" दुसऱ्या दिवशी खरंच ताटल्या फिरायच्या. कॉलनीत ज्यांच्याकडे नाताळ नव्हता तेही त्या एका 'खोटं'साठी केक करायला लागले. मंजिरी त्यांतलीच.

तुमच्या घरचं 'खोटं' सुधाकरराव म्हणायचे. तुम्ही रस्त्यावर आमच्यात, ते खिडकीत. बायको गाणी लिहिणारी आणि नवरा दिवसाला दहा शब्द बोलणारा. त्यांतला एक ते आमच्यासाठी वर्षभर राखून ठेवायचे आणि स्टँडवर गाडी लागल्याची घोषणा करावी तसा उच्चारायचे: "खोटं."

आता आपला वाद. बावीस वर्षं चालला आणि अर्धाच राहिला. मला ते गाणं एकदा दारात म्हणायचं होतं. रस्त्यावर नाही, दारात. समोर प्रेक्षक, वर दिवा, हातात कंदील. नाटकाची हौस असलेल्या माणसाला ह्याहून जास्त काय हवं?

"बाई, एकदाच."

"नाही."

"का पण?"

"ते चालायचं गाणं आहे."

"मी जागच्या जागी पाय हलवत म्हणतो."

"मग लोकांना वाटेल ह्यांना घाई लागलीय. बाथरूम दाखवतील."

एका वर्षी मी ऐकलं नाही. कोपऱ्यावरच्या बंगल्यात नवीन माणसं आली होती. तुमचं शेवटचं गीत संपलं, त्यांच्या बाई दारात नव्या साडीत हात जोडून उभ्या होत्या, आणि मी पुढे झालो. स्वेटर, पेटी, डांबरगोळ्या, सगळं हातवाऱ्यांसह. आणि थेट त्यांच्या तोंडावर, "केक कुणाचा करपला?" पार्टीतून कुणी नाव घेतलं नाही. त्या बाई म्हणाल्या, "आमचा नाही. आम्ही विकत आणलाय." आणि आत गेल्या. कॉफीचे कप भरलेले दिसत होते, पण ते बाहेर आले नाहीत.

रस्त्यावर तुम्ही चार घरं एक शब्द बोलला नाहीत. मला राग आला होता. मी म्हणालो, "तुमची गीतं दिवाणखान्यात जाणार आणि आमची चपलांपाशी थांबणार. एवढंच ना?"

तुम्ही खंजिरी थांबवलीत. "तुमची? ती मी लिहिली आहेत."

मग थोड्या वेळाने, जरा नरम आवाजात, "कळेल तेव्हा कळेल, कंदीलवाले."

कधी कळेल, ते सांगितलं नाहीत. चपलांचं बोलल्याबद्दल मी माफीही मागितली नाही. पुढच्या घरी तुम्ही नेहमीसारखा कंदील माझ्या हातात दिलात, म्हणून मला वाटलं, मिटलं.

आता कबुली. बेकरीच्या चाचांनी आत्ताच दुसऱ्या नंबरचे डबे काढले, म्हणजे वेळ आहे.

बारा-तेरा वर्षांपूर्वी तुम्हाला शाळेत परीक्षांचं काम होतं, म्हणून तुमचा डबा घेऊन मी बेकरीत आलो होतो. आमचाही डबा होता. मंजिरीने आयुष्यात पहिल्यांदा केक केला होता, तुमच्याकडून शिकून. दोन्ही डबे एकाच मापाचे. चाचांची पद्धत तेव्हाही हीच, डब्याला तारेने पत्र्याचा तुकडा अडकवायचा आणि त्यावर खडूने नाव. ते मला म्हणाले, "साहेब, पावाची गाडी आलीय, उतरवून घेतो. दहा मिनिटांनी हाक मारा, कोपऱ्यातला डबा फिरवायचाय." कोपऱ्यातला डबा तुमचा. मी हो म्हणालो. आणि बाकावरच्या मंडळींना काकांच्या मुंजीतल्या घोड्याची गोष्ट सांगायला लागलो.

बाई, ती गोष्ट त्या दिवशी काय रंगली! मी घोडा झालो, काका झालो, शेवटी मांडवही झालो. लोक रडेपर्यंत हसले. आणि मग वास आला.

तुमचा केक एका बाजूने कोळसा झाला होता. मंजिरीचा मात्र अगदी बदामी. दुसऱ्या दिवशी तुमच्याकडे चहाला चर्चचे पाळक येणार होते, हे मला माहीत होतं. चाचा पाठमोरे असताना मी पत्र्याचे तुकडे बदलले.

म्हणजे तुमच्या घरी मंजिरीचा केक आला आणि मंजिरीच्या घरी तुमचा. ती त्या डब्याकडे बघत राहिली. "पहिलाच केक, आणि हे," एवढंच म्हणाली. आणि त्याच संध्याकाळी आपण आमच्या दारात आलो, निघालो, फाटक वाजलं, आणि विचारायचं कुणी? मीच. "केक कुणाचा करपला?" सगळ्यांनी जोशात, "कंदीलवाल्यांचा!" मंजिरी खिडकीत होती. ती "खोटं" म्हणाली, पण तिचा आवाज फुटला, कारण तिला ते खरं वाटत होतं. तिचा केक करपलाच नव्हता, म्हणजे तेवढ्या वर्षी तिचं 'खोटं' अगदी खरं होतं, आणि हे त्या गल्लीत फक्त मला माहीत होतं. निदान मी तसं समजत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही अर्धा केक ताटलीत घालून आमच्याकडे आलात. "मंजिरी, खा. छान झालाय. माझ्या हातचा कधी इतका हलका होत नाही." हे बोलताना माझ्याकडे बघितलंत. मी एक तुकडा खाल्ला. तुमच्या केकमध्ये संत्र्याची किसलेली साल असायची. ती युक्ती तुम्ही कुणाला शिकवली नव्हती, मंजिरीलाही नाही. त्या तुकड्यात साल नव्हती. तुम्ही ओळखलंत का, हे मी बारा-तेरा वर्षांत विचारलं नाही. तुमच्या पलंगाशी शेवटचा बसलो होतो तेव्हा विचारणार होतो. त्याऐवजी घोड्याची गोष्ट सांगितली. तुम्ही हसलात, खोकलात, आणि सिस्टरने मला बाहेर काढलं.

गेल्या वर्षी तुम्हाला चालवत नव्हतं. खंजिरी तुमच्या जुन्या विद्यार्थिनीच्या, ग्रेसीच्या हाती दिलीत आणि तुम्ही शाल पांघरून खिडकीत बसलात. आम्ही निघालो, मी विचारलं, सगळे म्हणाले, "रूथबाईंचा!" आणि खिडकीतून, बारीक पण खणखणीत, "खोटं! साफ खोटं!" रस्त्यावर आम्ही वाकून वाकून हसलो. ग्रेसी डोळे पुसत होती. मला वाटलं, हसून आलंय पाणी.

नंतर एकदा तुम्ही म्हणालात, "इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी ते आतून ऐकलं."

"कसं वाटलं?"

"सांगितलं तर तुम्ही त्यावर भाषण कराल."

सांगितलं नाहीत.

आता काल. दरवर्षी आपण तुमच्या घरापासून सुरुवात करायचो, काल ते शेवटी ठेवलं. कुणी ठरवलं नाही, पाय तिकडे वळले नाहीत, इतकंच. आणि बाई, मी एक ठरवून आलो होतो. रागावू नका. दोन आठवडे मी न्हाणीघरात तालीम केली होती. तुमच्या दारात, तुमच्या फोटोसमोर, मी ते गाणं म्हणणार होतो. आता अडवायला कोण आहे, असं मनात आलं होतं, आणि ते मनात आल्याची लाजही वाटली होती. तरी ठरवलं होतं.

सुधाकररावांनी दार उघडलं. गीतं झाली, तीन. कुणी वर बघत नव्हतं. प्रार्थना झाली. मी घसा साफ केला आणि एक पाऊल पुढे टाकलं.

सुधाकररावांनी माझी बाही धरली. "तुम्ही आत या."

"मला जरा एक म्हणायचंय इथे."

"माहितीय. तिने सांगून ठेवलंय. आत या."

कंदील ग्रेसीकडे दिला. त्यांनी मला खिडकीशी नेलं, तुमच्या खुर्चीशेजारी उभं केलं आणि दिवा मालवला. "ती म्हणाली होती, कंदीलवाल्यांना एकदा आत उभं करा. बाहेरून त्यांना जन्मात कळणार नाही." एका दमात इतके शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नव्हते.

बाहेर चपलांचे आवाज. मग फाटकाची कडी. मग खंजिरी.

स्वेटर निघाले पेटीतून.

बाई, बावीस वर्षं मी ते गाणं रस्त्यावर ओरडलो होतो, कानाशी, वीस माणसांच्या गर्दीत. पहिल्या दिवशीसुद्धा ते लांब जायच्या आत मी त्याच्यामागे पळालो होतो. ते जाताना कसं वाटतं, मला माहीतच नव्हतं. तेच गाणं, तोच बेसूर थोरात, पण दर पावलाला थोडं कमी. डांबरगोळ्या खांबापाशी. नाक लाल, कान गार, पिठाच्या गिरणीपाशी. आपल्या दारात येऊन गेलेली माणसं पाठमोरी चालली आहेत, आता त्यांना आपल्याशी काही देणंघेणं नाही, आणि तरी ती जाता जाता आपलं नाव घेणार आहेत. खिडकीतला माणूस त्यासाठी थांबतो. कोपऱ्यावरच्या त्या बाईंना मी समोर उभा राहून विचारलं, म्हणून ते भांडण वाटलं. तोच प्रश्न पाठ फिरवून विचारला असता तर त्या हसत खिडकीकडे धावल्या असत्या. एवढंच होतं होय? एवढं सांगायला बावीस वर्षं? पण नाही. सांगितलं असतंत तर मी खरंच भाषण केलं असतं.

"अजून घरं राहिली चार!" एकही राहिलं नव्हतं. तरी चार.

आणि मग शांतता. माझी जागा आली होती आणि मी तिथे नव्हतो. खंजिरी एक-दोन ठेके नुसती वाजत राहिली. मग ग्रेसीने विचारलं, पातळ आवाजात, "केक कुणाचा करपला?"

गेलेल्या माणसाचं नाव घ्यावं की नाही, असं सगळ्यांनाच वाटलं असणार. मलाही वाटलं होतं. एक क्षण गेला. मग सगळे एकदम, "रूथबाईंचा!"

आणि थांबले. सगळी गल्ली उत्तराची वाट बघत थांबली.

मी सुधाकररावांकडे बघितलं. त्यांनी खिडकीचा गज धरला होता. तोंड उघडलं होतं, पण वर्षभर राखून ठेवलेला तो एक शब्द निघत नव्हता.

तेव्हा बाई, दरवर्षी रस्त्यावरून तुमच्यावर आरोप करणारा हा मनुष्य तुमच्या खिडकीतून, तुमच्या शब्दांत ओरडला, "खोटं! साफ खोटं!" जोरात. तुम्ही सांगितलं होतं तितकं जोरात. गल्लीत एक कुत्रं भुंकलं. आणि तिकडून, हसत की रडत ते कळलं नाही, "मग उद्या आम्हाला खायला घाला!"

गाणं वळणाला लागलं. खंजिरी ऐकू येत होती, नंतर ऐकू येतेय असं वाटत होतं. मी खिडकीला कान लावून उभा होतो. सुधाकरराव माझ्याकडे न बघता म्हणाले,

"एकदा करपला होता, पण."

मी खिडकीपासून वळलो. "त्यांना माहीत होतं?"

"पहिल्या घासाला."

"मग मला कधी बोलल्या का नाहीत?"

"वाट बघत होती. तुम्ही बोलाल म्हणून." मग त्यांनी दिवा लावला आणि खिडकीकडे बोट दाखवलं. "आता खोटं म्हणालात ना? उद्या खायला घाला."

म्हणून मी इथे आहे. काल घरी गेल्यावर मंजिरीला सगळं सांगितलं, पत्र्याच्या तुकड्यांसकट. ती अजून माझ्याशी बोललेली नाही. पण सकाळी उठलो तेव्हा ओट्यावर संत्र्याची साल किसून ठेवलेली होती, म्हणजे तिनेही ती युक्ती कधीतरी ओळखली असणार. मला सोडून सगळ्यांना सगळं माहीत असतं, बाई. मी बोलत असतो ना, म्हणून.

केक मी केलाय. माझ्या हाताने, पहिल्यांदा. डबा कोपऱ्यातच लावायला सांगितला आणि दहा मिनिटांनी हाक मारून फिरवून घेतला. आजवर ह्या बाकावर मी इतका गप्प कधी बसलो नव्हतो. मघापासून चाचा दोनदा बाहेर डोकावून गेले, साहेबांना बरं नाही का म्हणून.

संत्र्याचा वास यायला लागलाय.

आता चाचा लांब फळीवर डबा घेऊन दारात आलेत. खडू पुसट झालाय, त्यांना नाव लागत नाहीये. ते बाकाकडे बघून विचारताहेत, "हा केक कुणाचा?"

थांबा बाई, मी उभा राहतो. ह्याचं उत्तर जोरात द्यायला हवं.

"रूथबाईंचा!"